साडेसहा नंबरचे सँडल

पायाचा नंबर चारचौघींसमोर, तेही जेवणाच्या टेबलावर, मोठ्याने विचारायचा नसतो. ही गोष्ट ट्वायला प्रुइटला ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी सुचली नाही आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातून झाला.

विषय भरतीचा होता. कॉलेज सुरू होण्याआधीच्या आठवड्यात नव्या पोरी आमच्या रस्त्यावरच्या भगिनीमंडळांच्या, म्हणजे कॉलेजच्या पोरी मंडळ करून एकत्र राहतात त्या, बंगल्यांतून घोळक्याने फिरतात. बंगले पोरींना पारखतात, पोरी बंगल्यांना पारखतात आणि आठवड्याच्या शेवटी कोण कोणाची बहीण ते ठरतं. सख्खी बहीण निवडता येत नाही, पदरी पडेल ती घ्यावी लागते. इथे मात्र स्थळं बघावीत तशा बहिणी बघतात. ट्वायलाच्या बंगल्याला सगळा रस्ता पिवळं घर म्हणायचा. त्या घराची भरतीप्रमुख मेरिट हॉलोवे चमच्याने ग्लास वाजवून उभी राहिली.

"या वर्षी सगळ्यांचे सँडल एकसारखे. पांढरे, उंच टाचेचे. दार उघडलं की समोरचीला एक घर दिसलं पाहिजे, साठ पोरी नकोत. मागवायचं काम कोण घेतंय?"

साठ पोरींनी साठ दिशांना बघितलं.

"मी!" ट्वायला म्हणाली. इतक्या जोरात उठली की खुर्ची मागे पडली.

असं उठण्याला कारण होतं. वसंतात एकदा मेरिटने तिला व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बोलावून घेतलं होतं आणि सरबतासारख्या आवाजात म्हटलं होतं, "हे बघ माझे राणी, घराने दार उघडलं, ते आमचं काम होतं. आता इथे मिसळून जाणं ही तुझी स्वतःची जबाबदारी. भरती होऊ दे, मग आपण दोघी जरा बोलू, हं?" 'माझे राणी' आणि 'जरा बोलू' हे दोन्ही एका दमात आलं की अलाबामातली माणसं मुकाट्याने सामान आवरायला घेतात.

ट्वायलात तशी नाव ठेवण्यासारखी खोट नव्हती. ती फक्त सगळ्या हसून झाल्या की हसायची. फार नाही, अर्धा श्वास उशिरा. पण साठ जणींचं हसू थांबलेलं असताना एकटीचंच हसू खोलीत फिरत राहिलं की ते फार मोठं वाटतं. वडिलांचं गावाकडे टायरचं दुकान, आई दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची. लेक पिवळ्या घरात गेल्याचं आईने चर्चमध्ये, बाजारात आणि दाढ काढायला आलेल्या प्रत्येक माणसाला तो तोंड उघडून असताना सांगितलं होतं. घरच्या दिवाणखान्यातल्या उशीवर तिने पिवळ्या घराची तीन ग्रीक अक्षरं, म्हणजे मंडळाचं नाव, भरली होती. परत जायचं म्हणजे त्या उशीला काय सांगायचं, हा ट्वायलापुढचा मोठाच प्रश्न होता.

म्हणून जबाबदारी म्हटल्यावर तिने ती खरोखरच अंगावर घेतली. आरशासमोर वेळेवर हसण्याचा सराव केला. दुसऱ्यांदा रस्सा-बिस्किट, म्हणजे पावासारखं मऊ बिस्किट आणि त्यावर दाट रस्सा, वाढून घ्यायचं सोडलं. केसांत कोणत्या दिवशी केवढी रिबीन बांधायची ते पाठ केलं. आणि आता सँडल. साठ जणींच्या पायांत आपण मागवलेली वस्तू असेल, म्हणजे यापेक्षा जास्त मिसळायचं ते काय राहिलं?

"मग नंबर आत्ताच सांगून टाका," ती उत्साहाने म्हणाली. "मेरिट, तुझ्यापासून."

"साडेसहा," मेरिट म्हणाली. आवाजही तिने तेवढाच नाजूक काढला.

झालं. लिलावात भाव चढत जातात, इथे ते उतरायला लागले. प्रमुखच साडेसहा, तर नऊ म्हणायची छाती कोणाची? एक म्हणाली सात, दुसरी म्हणाली साडेसहाच, तिसरी जरा घुटमळून म्हणाली, "सहा. कधीकधी साडेपाच." ट्वायलाच्या खोलीत राहणारी डेलेनी व्हॉलीबॉल खेळायची आणि दारातून जाताना मान वाकवायची. एकदा अंधारात ट्वायलाने तिच्या एका बुटात दोन्ही पाय घातले होते. तीही म्हणाली, "सात," आणि लगेच सॅलडमध्ये तोंड खुपसलं.

डेलेनी धडधडीत खोटं बोलतेय हे ट्वायलाला कळलं. पण आपणही तेच करणार आहोत हेही तिला कळत होतं, तेव्हा हिशेब तिथल्या तिथे मिटला. बाकीच्यांचं मात्र तिला सगळं खरं वाटलं. इतक्या छान मिसळून गेलेल्या मुलींचे पाय लहानच असणार, असं ती मनापासून धरून चालली होती. तिचा स्वतःचा नंबर साडेनऊ.

"माझा आठ," ती म्हणाली. एवढ्यावरही शेजारच्या मुलीने तिच्याकडे दयेने बघितलं.

पुढे कचेरीचं प्रकरण. सगळ्या मंडळांवर कॉलेजची एक समिती असते आणि भरतीच्या आठवड्यात कोणाच्या अंगावर काय असावं हे ती ठरवते. तिथल्या मुलीने नमुन्याचा सँडल खिडकीपाशी नेऊन उलटसुलट केला. "अर्जात पांढरा लिहिलंय. हा मोतिया आहे." ट्वायला रंगाची पट्टी घेऊन पुन्हा गेली. मग टाच मोजायची पट्टी दुसऱ्या मंडळाने नेलेली होती. मग सही करणारी बाई दुपारची जेवायला गेली आणि संध्याकाळीच उगवली. शेवटी मंजुरी मिळाली. खाली ओळ होती: मंजूर पोशाखात बदल करायचा असल्यास तीन दिवस आधी कळवावे. दुकानदाराने तर आधीच बजावलं होतं की इतके जोड एकदम घेतले की एकही परत घेणार नाही.

खोकी आली. दिवाणखान्यात साठ पोरींनी एकाच वेळी सँडल चढवले आणि एकाच वेळी उभ्या राहिल्या.

"अय्या, किती छान!" मेरिट म्हणाली.

"किती छान!" साठ जणी म्हणाल्या. कित्येकींच्या डोळ्यांत पाणी होतं. ट्वायलाच्याही होतं. आपल्या कामाचं एवढं कौतुक बघून तिला भरून आलं असावं, असं कोणालाही वाटलं असतं. खरं म्हणजे तिची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती.

सँडल चावायचे म्हणजे काय चावायचे! टाचेला, अंगठ्याला, घोट्यावर. तिने घरी फोन लावला.

"बटाटा सोल आणि रात्रभर आत कोंबून ठेव," आई म्हणाली.

"बटाटा नको गं," मागून मावशी ओरडली. "ओले मोजे घालून त्यावर सँडल घाल म्हणावं, आणि घरभर फीर."

"आणि मेरिट कशी आहे? तिला सांग हं मी उशी भरलीय ते."

बटाट्याने सँडलला वास तेवढा आला. ओल्या मोज्यांनी जिन्यावर पाय घसरला. डेलेनीला विचारलं तर ती म्हणाली, "मला कशाला विचारतेस? माझे अगदी मापात आहेत," आणि कठड्याला दोन्ही हातांनी धरून आडवी आडवी जिना उतरत गेली. मग कोणीतरी सांगितलं की पिशवीत पाणी भरून ती सँडलमध्ये ठेवायची आणि सँडल बर्फाच्या कपाटात. पाण्याचा बर्फ फुगतो, सँडल सैल होतो. दुपारी सगळ्या आडव्या झालेल्या बघून ट्वायला स्वयंपाकघरात गेली. तर बर्फाच्या कपाटाला कुलूप आणि कुलपापुढे खुर्ची टाकून मिस व्हर्जी. मिस व्हर्जी म्हणजे घराची पालक. वय विचारायची सोय नाही, पाय बाहुलीएवढे आणि शिस्त लष्करी.

"माझ्या वाटाण्यांत कोणीतरी चपला ठेवतंय," त्या म्हणाल्या. "एक जोड नव्हे, चांगले दहा-बारा. हा काय प्रकार आहे?"

"मी नाही, मॅम," ट्वायला सँडल पाठीमागे लपवत म्हणाली. दहा-बारा हा म्हातारपणाचा आकडा असेल, असं समजून तिने तो सोडून दिला. हातातला धागा माणूस असा सोडतो.

सरावाचे दिवस तर पायांची परीक्षाच होती. पिवळ्या घराचं दार उघडतं तेव्हा चौकटीत पोरींची रास रचलेली असते. खालच्या गुडघ्यांवर, मधल्या वाकलेल्या, वरच्या एकमेकींच्या खांद्यांवरून डोकावणाऱ्या, चौकट भरून नुसते चेहरे, केस आणि टाळ्या. सगळ्यांनी एका ठेक्यात ओरडायचं. ट्वायलाची जागा डावीकडे, मधल्या थरात. डोक्यावर डेलेनीचं कोपर. मेरिट अंगणात उभी राहून ओरडायची, "हसू! हसू कुठाय? ट्वायला, आत्ता! आत्ता नाही, मघाशी!"

आणि नियम. मेरिटने ते सगळ्यांकडून घोकून घेतले. मुलांविषयी, दारूविषयी, देवाविषयी, निवडणुकीविषयी आणि पैशाविषयी नव्या पोरींशी बोलायचं नाही. उरलं काय? उकाडा. रस्त्यात नवी पोरगी दिसली तर हूं की चूं करायचं नाही. आणि सर्वांत मोठं, "घरातून बाहेर काहीही जाता कामा नये. कागदी रुमालसुद्धा नाही. ते लाच धरतात. दिलंय असं सापडलं तर घराच्या उद्याच्या भेटी रद्द. आणि देणारीला…" मेरिटने ट्वायलाकडे बघितलं असं नाही, पण ट्वायलाला तसं वाटलं.

भरतीचा पहिला दिवस उजाडला तोच तापलेला. दार उघडलं, रास ओरडली, पोरी आत आल्या. पहिल्या तीन घोळक्यांपर्यंत ट्वायला टिकली. कोण कुठली, किती उकडतंय, हो ना फारच उकडतंय. चौथ्या घोळक्यात तिच्या वाट्याला मॅरिबेल ओकली नावाची मुलगी आली. बिचारी इतकी घाबरलेली की पाण्याचा ग्लास दोन हातांनी धरून बसली होती.

"सगळ्या तुमच्याकडे कशा एकसारख्या हसतात," ती हळूच म्हणाली. "मला जमेल का हो?"

ट्वायलाला काहीतरी खरं बोलावंसं वाटलं. पण उकाडा सोडून काही बोलायचं नव्हतं. "जमतं," ती म्हणाली. "थोडं चावतं."

निघायची घंटा झाली. रांग दाराबाहेर सरकायला लागली आणि उंबऱ्यावर मॅरिबेलच्या चपलेचा पट्टा तुटला. तुटला म्हणजे मुळासकट उपटून आला. बाहेर डांबर भाजत होतं, पुढे अजून चार घरं होती आणि समितीच्या निरीक्षकबाई फाटकात घड्याळ धरून उभ्या होत्या. मॅरिबेलचे ओठ थरथरायला लागले.

पुढचं ट्वायलाने ठरवून केलं नाही. तिचे हात खाली गेले, दोन बंद सुटले आणि पांढरे सँडल मॅरिबेलच्या पायांत गेले. माप अगदी बरोबर. मॅरिबेल खरीखुरी आठ नंबरची होती. यात दया किती आणि आपला पाय एकदाचा सुटला याचा आनंद किती, हे तिला विचारलं तर ती अजूनही नीट सांगत नाही. मॅरिबेल तुटक्या चपला हातात धरून टुणटुणत निघून गेली. दार लागलं.

डेलेनीने खाली बघितलं. "ट्वायला, तुझे सँडल कुठायत?"

तेव्हा कुठे ट्वायलानेही खाली बघितलं. कागदी रुमालसुद्धा नाही, असं मेरिट म्हणाली होती. आणि आपण समितीने मंजूर केलेला, अख्ख्या रस्त्यावर फक्त पिवळ्या घराच्या पायांत असलेला सँडलचा जोड त्या मुलीच्या पायांत घालून तिला समोरच्या घरी पाठवलं होतं. नुसतं पाठवलंच नव्हतं, तर समितीच्या घड्याळासमोरून.

"परत आणते," ती म्हणाली.

"कशी? रस्त्यात बोलायचं नाही!"

"न बोलता आणते. माझी जबाबदारी आहे."

पाचवा घोळका तिने डेलेनीच्या मागे लपून काढला. जेवणाची सुट्टी झाली, तशी मिस व्हर्जींच्या गुलाबी लोकरी सपाता दारामागून उचलल्या आणि मागच्या फाटकाने निघाली. सपाता बाहुलीच्या मापाच्या. टाचा बाहेर, डांबरावर. लोकांच्या हिरवळीवर चाललं तर पाण्याचे फवारे. रस्त्याच्या टोकाला खांबांचं घर, म्हणजे दुसरं एक मंडळ. तिथे पोचेपर्यंत तिचे पाय भाजून, भिजून, सुजून गरगरीत झाले होते. नव्या पोरी फाटकाबाहेर गुपचूप रांगेत उभ्या होत्या, तिसरी मॅरिबेल. ट्वायला कुंपणाच्या झुडपात शिरली आणि पानांतून डोकं बाहेर काढून हातवारे करायला लागली. आधी मॅरिबेलच्या पायांकडे बोट, मग स्वतःकडे बोट, मग काढून दे अशी खूण.

मॅरिबेलने ओळखलं. चेहरा फुलला. तिने हात हलवला.

ट्वायलाने पुन्हा खूण केली. या वेळी हात जोडले.

मॅरिबेलने एक पाय उचलून सगळ्यांना दिसेल असा फिरवला. "अगदी मापात आहेत हं!" ती ओरडली. "अजिबात चावत नाहीत! पिवळ्या घरातल्यांनी दिले, किती चांगल्या आहेत नाही?"

सगळी रांग वळली. हिरव्या सदऱ्यातली निरीक्षक पेटन ग्रिम्सही वळली. ही पेटन पुढे वकिलीला जाणार होती आणि सराव आमच्या रस्त्यावर करून घेत होती. "कोणी दिले?" तिने विचारलं. "पुन्हा सांग. सावकाश सांग."

झुडपात ट्वायलाचं तोंड उघडलं. खुलासा करावा तर रस्त्यात बोलण्याचा दुसरा गुन्हा. तिने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. मग ज्या भोकातून आली होती त्यातूनच मागे सरकली. एक सपात झुडपातच राहिली.

घरी आली तर दिवाणखान्यात टेबलांखाली सँडलचा खच पडला होता आणि पोरी पाय वर घेऊन न बोलता जेवत होत्या. एकटी मेरिट तेवढी सँडल घालून ताठ उभी, रुमाल मोजत.

"मेरिट, जरा बोलायचं होतं."

"भरतीनंतर."

"नाही गं, आत्ताच…"

दारावरची घंटा वाजली. पेटन आत आली. दोन बोटांत पारदर्शक पिशवी, पिशवीत पांढरे सँडल. एकदम धावपळ उडाली. साठ पोरी टेबलांखाली शिरल्या, मिळेल तो सँडल ओढायला लागल्या, कोणाचा कोणाला, आणि सुजलेल्या पायांत एकही जाईना. शेवटी सगळ्या तशाच अनवाणी भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"आठ नंबर," पेटन म्हणाली. "कोणाचे? कोणीच नाही म्हणालं तर उद्याच्या तुमच्या सगळ्या भेटी रद्द. सांगितलं तर जिने दिले तिच्यापुरतं बघू. आठवडाभर नव्या पोरींशी बोलायला बंदी. तिला मंडळात ठेवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

ट्वायलाला उशी आठवली. मेरिटचा झोपाळा आठवला. गप्प राहिलं तर साठ जणींचं वर्ष बुडतंय, बोललं तर आपलं एकटीचं. मिसळून जाणं जर आपली जबाबदारी असेल, तर बाहेर पडायची वेळ आली की तीही आपलीच. तिला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती, तरी ती पुढे झाली.

"माझे आहेत," ती म्हणाली. या वेळी ती कोणाच्याही मागून बोलली नव्हती.

"कबुली पडताळून घ्यावी लागते," पेटन म्हणाली. "घाला."

ट्वायला खाली बसली. अंगठा गेला, पुढे काही जाईना. तिने दात खाऊन ढकललं.

"जोर लावू नका. पुरावा फाटेल."

"माझेच आहेत! मीच मागवलेत!"

"तुमच्या पायात तर जात नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या पोरी वरच्यांसाठी स्वतःचा बळी देतात, मला सगळं माहितीये. मागे व्हा. आता सगळ्यांनी एकेक करून घाला."

खरं सांगितलेलं कोणी ऐकून घेत नाही म्हणजे काय, हे ट्वायलाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मेरिटने सुस्कारा सोडला. "हा वेळेचा अपव्यय आहे. माझा नंबर साडेसहा, सगळं घर जाणतं. माझं आधी बघा आणि पुढच्या कामाला लागा." तिने खाली वाकून स्वतःचे सँडल सोडले.

आतून पाय निघाला तो बघून भिंतीवर कुजबूज झाली. अंगठ्यापासून घोट्यापर्यंत पट्ट्याच पट्ट्या, मध्ये कापूस, टाचेला रक्त. मेरिटने मान ताठ ठेवली आणि तो पाय आठ नंबरात सरकवला. सहज गेला. दुसरा सरकवला. तोही गेला.

"आहा," मेरिटच्या तोंडून निघालं. तिने ते आवरायचा प्रयत्न केला असावा, पण जिन्याच्या वरच्या पायरीवर मिस व्हर्जींनाही ते ऐकू गेलं.

पेटनचे डोळे चमकले. "तुमचे आहेत तर."

"माझा साडेसहा…"

"साडेसहा हे तुमचे नाहीतच. पायाची अवस्था बघा. दुसरीचे चढवून तुम्ही पुरावा झाकत होता. तुमचे हे. बोला, दिले की नाही?"

मेरिटने स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग ट्वायलाच्या लालभडक पायांकडे आणि त्यातल्या एकाला चिकटलेल्या चिखलाने माखलेल्या गुलाबी सपातेकडे. मग भिंतीपाशी ओळीने उभ्या असलेल्या पायांकडे: फोड, पट्ट्या, कापूस, एकीच्या टाचेला बटाट्याची सालसुद्धा. डेलेनीने आपले पाय पडद्यामागे घेतले होते, पण पडदा पुरत नव्हता. मेरिटला काय ते सगळं एकदम समजलं.

"हो," ती म्हणाली. "माझेच. जास्तीचा जोड होता. मीच दिले."

"नाही, मेरिट!" ट्वायला ओरडली. "ती खोटं…"

"ट्वायला, गप्प."

"पण मी…"

"अगं, मिसळ की आता तरी जरा!" मेरिट दातांतल्या दातांत म्हणाली.

ट्वायला मिसळली.

पेटनने नोंद केली आणि नियमाप्रमाणे वस्तू मालकिणीच्या ताब्यात दिली, म्हणजे पायांतच राहू दिली. भरतीप्रमुखाला आठवडाभर स्वयंपाकघरात बसवण्यात आलं. बाकीच्या सगळ्या दुसऱ्या दिवसापासून दारात अनवाणी उभ्या राहिल्या. पोशाखात बदल केल्याची तक्रार झाली. पण घालायचे ते बदलले तर बदल, काढून ठेवले तर काय, याचा नियम समितीला कुठे सापडेना. मेरिटचे साडेसहाचे सँडल मिस व्हर्जींना मापात बसले, त्या ते घालून बागेला पाणी घालायला लागल्या. जिच्यासाठी एवढं सगळं झालं ती मॅरिबेल शेवटी खांबांच्या घरात गेली.

भरती संपल्याच्या संध्याकाळी ट्वायला स्वयंपाकघरात गेली. खोलीवर बॅग भरून ठेवली होती. मेरिट ओट्यावर बसून पाय हलवत रस्सा-बिस्किट खात होती. पायांत आठ नंबर.

"तू का केलंस ते?" ट्वायलाने विचारलं.

"मला ते काढायचे नव्हते," मेरिट म्हणाली. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाय दुखायचा थांबला होता. तुझा खरा नंबर काय गं?"

"साडेनऊ."

"आणि आठ सांगितलास? वेडी आहेस का?"

"तू साडेसहा सांगितलास."

मेरिटने बिस्किटाचा एक तुकडा मोडून रश्शात बुडवला आणि तिच्या हातात दिला. ट्वायला उभीच राहिली. "तू म्हणाली होतीस, भरतीनंतर जरा बोलू."

"हो, बोलायचंय ना." मेरिटने तोंड पुसलं. "पुढच्या वर्षीचे सँडल तूच मागव. पण नंबर एकेकीला बाजूला घेऊन विचार."

ट्वायलाने सँडलचं काही ऐकलंच नाही. पुढच्या वर्षी, एवढंच तिने ऐकलं. ती तुकडा खायचा विसरून उभी होती आणि रस्सा तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता.

जेवणाच्या टेबलावर मेरिटने ग्लास वाजवला. "एक दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "माझा नंबर आठ."

मग कोणीतरी चाचरत म्हणालं, "साडेआठ." दुसरी म्हणाली, "नऊ." भाव चढायला लागले. साडेनऊला ट्वायलाने हात वर केला. सहा, कधीकधी साडेपाचवाली उठून म्हणाली, "माझाही नऊ, कधीकधी साडेनऊ." शेवटी टेबलाच्या टोकाला डेलेनी उभी राहिली, दिव्याला डोकं लागू नये म्हणून मान वाकवली आणि छाती पुढे काढून म्हणाली, "बारा!"

घर हादरेल असा हशा झाला. मेरिट तर टेबलावर डोकं टेकून हसत होती. ट्वायलाही हसली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपण वेळेवर हसलो की उशिरा, हे बघायचं ती विसरून गेली.